केळीच्या बागेतली स्टार्टर पेटी: गोडोमध्ये हॅक होणारी वस्तू कशी बसवायची

रावेरकडच्या केळीच्या बागेत घडणारा खेळ मी गोडो ४ या खेळ बनवायच्या इंजिनमध्ये बनवतोय. रात्री शेतीची लाइन येते आणि खेळाडूला विहिरीवरची स्टार्टर पेटी हॅक करून मोटार चालू करायची असते.

एक गोष्ट आधीच पक्की करा: पेटीला मोटारीचा पत्ता माहीत नसावा. मी सुरुवातीला पेटीच्या स्क्रिप्टमध्येच मोटारीचा नोड-पाथ, म्हणजे सीनमधल्या नोडच्या (घटकांच्या) झाडात मोटार कुठे आहे तो पत्ता, लिहिला होता. मोटार दुसऱ्या नोडखाली हलवली आणि पेटी मुकी झाली. आता पेटी फक्त 'हॅक झालं' असा स्वतःचा सिग्नल सोडते, म्हणजे कोण ऐकतंय हे न बघता नुसती हाक देते. लेव्हलमध्ये नोड डॉक उघडून तो सिग्नल मोटारीला जोडायचा. उद्या तोच दिव्याला किंवा फाटकाला जोडला तरी पेटीतली एकही ओळ बदलत नाही.

पेटीचा वेगळा सीन करा. मुळाशी एरिया टू-डी (कोण आत आलं ते ओळखणारी जागा), त्याखाली स्प्राइट (पेटीचं चित्र), कोलिजन शेप (त्या जागेचा आकार) आणि टायमर. कोलिजन मास्कमध्ये, म्हणजे पेटीने कोणाला ओळखायचं त्या यादीत, खेळाडूचाच लेअर ठेवा, नाहीतर बांधावरून जाणाऱ्या कुत्र्यालाही पेटी ओळख देते. बॉडी एंटर्ड (आत शिरल्याचा सिग्नल) आलं की 'जवळ आहे' खरं करा आणि ते खरं असतानाच हॅक सुरू होऊ द्या. बॉडी एक्झिटेड (बाहेर पडल्याचा सिग्नल) आलं की ते खोटं करून टायमर थांबवा आणि दिवे विझवा.

दिव्यांवर मात्र जीव लावा. आमच्या थ्री-फेज पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात. एक विझलेला दिसला तर वडील बटणाला हातही लावत नाहीत, फेज गेलेला असतो. म्हणून मी प्रोग्रेस बार काढूनच टाकला. टायमर वन शॉट (एकदाच वाजून थांबणारा) ठेवला, दर टाइमआउटला एक दिवा लागतो आणि पुढच्या दिव्यासाठी टायमर पुन्हा सुरू होतो. तिसरा लागला की सिग्नल. खेळाडूला काहीही वाचावं लागत नाही. दोन दिव्यांमधले सेकंद एक्सपोर्ट व्हेरिएबलमध्ये ठेवा, म्हणजे अवघड पेटीला कोड न उघडता इन्स्पेक्टरमधूनच (एडिटरमधल्या गुणधर्मांच्या यादीतून) जास्त वेळ देता येतो.

एका पेटीचा कोलिजन आकार मी मोठा केला, तर सगळ्या पेट्यांचा झाला आणि खेळाडू भिंतीपलीकडून हॅक करू लागला. आकार हा रिसोर्स सगळ्या पेट्यांत सामायिक असतो. त्या पेटीवर एडिटेबल चिल्ड्रन चालू करून (म्हणजे तिच्या आतले नोड बदलता येतात) आकार मेक युनिक करा, म्हणजे त्याची वेगळी प्रत होते, मगच ओढा. नंतर डीबग मेनूतून व्हिजिबल कोलिजन शेप्स लावून खेळ चालवा आणि प्रत्येक पेटीभोवती एक चक्कर मारा, भिंतीच्या मागूनसुद्धा.