टॉवर स्पीकर घेताना: आधी हॉल मोजा, मग मॉडेल ठरवा

दोन-तीन लाखांचे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घ्यायचे ठरले की बोलणे लगेच ब्रँडवर येते. सुरुवात खोलीपासून करा. १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कसा ऐकू येणार हे स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ठरवते, आणि एकाच मालिकेतल्या लहान टॉवरऐवजी मोठा घेताना जादा पैसे मोजायचे असतात ते मुख्यतः याच खर्जासाठी.

टेपने हॉलची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा. ५६५ ला प्रत्येक आकड्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येते, आणि त्या सुराला तुमचा हॉल स्वतःच घुमतो. १६ बाय ११ फुटांचा आणि साडेनऊ फूट उंचीचा हॉल साधारण ३५, ५१ आणि ५९ हर्ट्झला घुमेल. डायनिंग किंवा पॅसेज उघडा असेल तर आकडे थोडे सरकतात. चौरस खोलीत लांबी-रुंदीचे घुमणे एकाच सुरावर येऊन पडते, म्हणून ११ बाय ११ च्या खोलीत मोठे टॉवर जवळजवळ नेहमीच त्रास देतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर घुमणे तिथेच सगळ्यात जास्त ऐकू येते. दीड-दोन फूट पुढे ओढला तरी फरक पडतो.

आता एक खरे उदाहरण घेऊ. केईएफ या ब्रिटिश कंपनीचे आर७ मेटा आणि आर११ मेटा टॉवर. मधला आणि वरचा आवाज देणारे युनी-क्यू युनिट दोन्हींत तेच. आर७ ला साडेसहा इंची २ वूफर (खर्ज देणारी युनिटे), आर११ ला ४. कंपनीने दिलेली सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठ्याने वाजतो ते) ८८ आणि ९० डेसिबल, इम्पिडन्स (ॲम्पला जाणवणारा विद्युत रोध) दोन्हींचा ४ ओहम. गायकाचा गळा दोन्हींतून जवळपास सारखाच येणार. वरच्या १६ बाय ११ च्या हॉलमध्ये आम्ही आर७ सुचवू आणि उरलेले पैसे सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे, वळवू. शक्य असेल तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. खोलीचे घुमणे दोघे मिळून बरेच सपाट करतात, आणि सोफ्यावरच्या तिघांनाही साधारण सारखा बास मिळतो. एकटा टॉवर, कितीही महाग असो, हे करू शकत नाही. त्याची जागा स्टीरिओ चित्रासाठी, म्हणजे गायक-वाद्ये समोर कुठे उभी वाटतात त्यासाठी, ठरलेली असते, बाससाठी नाही.

जागेचा दुसरा हिशोब स्पीकरमागच्या भिंतीचा. स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून त्या भिंतीपर्यंतचे अंतर फुटांत घ्या आणि २८२ ला त्याने भागा. त्या कंपनसंख्येला भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो. अंतर २ फूट असेल तर १४१ हर्ट्झला खड्डा पडतो, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाच्या भरदारपणात. ३ फुटांवर तो ९४ ला जातो. तिथे त्याचा त्रास कमी जाणवतो आणि ८०-१०० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ठेवला तर सबवूफर थोडा हात देतो. पोर्ट (खोक्याचे हवेचे भोक) मागे असेल तर निदान एक फूट मोकळी जागा हवीच. तेवढी नसेल तर सोबत येणारे फोमचे बूच लावून बघा. टीव्ही युनिटने सगळी भिंत व्यापली आहे आणि टॉवर त्याच्या कोनाड्यात कोंबायचे आहेत अशी स्थिती असेल, तर टॉवर घेऊच नका. चांगले बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे लहान स्पीकर) आणि दोन सबवूफर कमी पैशांत जास्त देतील.

बसण्याची उंची आपल्याकडे हमखास विसरली जाते. बहुतेक टॉवरचा ट्वीटर (वरचे सूर देणारे लहान युनिट) जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटरवर असतो, कारण खुर्चीवर किंवा सोफ्यावर बसलेल्याचा कान तिथे येतो. भारतीय बैठकीवर, गादीवर बसून ऐकायचे असेल तर कान त्याच्या बराच खाली राहतो. ट्वीटर आणि मिडरेंज (मधला आवाज देणारे युनिट) जिथे काम वाटून घेतात त्या पट्ट्यात वरून-खालून ऐकताना आवाज तुटतो. मागचे स्पाइक (खालचे टोकदार पाय) उंच करून टॉवर किंचित पुढे झुकवता येतो, पण वजन ३०-४० किलो असते आणि घरात लहान मूल असेल तर हा खेळ नको. त्यापेक्षा कमी उंचीचे किंवा युनी-क्यूसारखे एककेंद्री युनिट (मिडरेंजच्या मधोमध ट्वीटर) असलेले मॉडेल बघा.

कॅटलॉगमधले '३५ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ' हे वाक्य वाचून सोडून द्या. सोबत प्लस-मायनस किती डेसिबल हे नसेल तर त्याला काही अर्थ नाही. बघायचा तो स्पिनोरामा. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या दिशेने दर १० अंशांवर मिळून ७० मोजमापे घेऊन हा आलेख काढतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांच्या संशोधनातून ही पद्धत आली. समोरची रेषा सपाट आहे का आणि बाजूच्या आवाजाची रेषा गचके न खाता उतरते का, एवढे दोनच प्रश्न विचारा. २-३ किलोहर्ट्झजवळ बाजूच्या रेषेला उंचवटा असेल तर सावध व्हा. आपल्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती असतात, त्यामुळे बाजूला फेकलेला आवाज मोठ्या प्रमाणात परत कानावर येतो. शोरूमच्या जाड गालिच्यावर गोड वाटलेला स्पीकर घरी टोचायला लागतो तो यामुळे.

ॲम्पचा हिशोब असा: ८८ डेसिबल, ८ ओहमचा स्पीकर, ३ मीटरवर बसणे आणि थिएटरच्या रेफरन्स (प्रमाण) पातळीचे १०५ डेसिबलचे क्षणिक शिखर. अंतराचे साधारण ६ डेसिबल वजा धरले तर जवळपास २०० वॅट लागतात. घरी बहुतेक लोक रेफरन्सच्या १० डेसिबल खालीच ऐकतात. मग २० वॅट पुरतात. म्हणून केवळ वॅटचा आकडा बघून घाबरू नका, इम्पिडन्स बघा. '४ ओहम'चा स्पीकर काही सुरांवर ३ च्या जवळ उतरतो आणि स्वस्त एव्हीआर (होम थिएटरचा ॲम्पसह रिसीव्हर) तिथे तापतो, गाणे आक्रसते किंवा संरक्षण म्हणून बंदच पडतो. एव्हीआरच्या खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा ६ ओहम, १ चॅनेल, १० टक्के विकृतीचा असतो. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन्ही चॅनेल चालू, हा आकडा शोधा. प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) असलेला एव्हीआर घेतलात तर पुढे टॉवरसाठी वेगळा पॉवर ॲम्प जोडता येतो.

सिनेमात संवाद येतात सेंटरमधून, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमधून. तो त्याच मालिकेतला घ्या आणि त्यात कंजूषी नको. दोन वूफरच्या मध्ये फक्त ट्वीटर असलेला आडवा सेंटर कडेला बसलेल्याला पोकळ ऐकू येतो, कारण दोन वूफरचे आवाज तिथे एकमेकांना छेदतात. मधोमध ट्वीटर आणि मिडरेंज एकावर एक असलेला, किंवा एककेंद्री, सेंटर निवडा. टीव्हीखाली ठेवला तर त्याचे तोंड कानाकडे वर कलते करा.

डेमोला आधी एकच स्पीकर, मोनोमध्ये ऐका. स्टीरिओच्या भपक्यात झाकलेले दोष त्यात उघडे पडतात. दोन मॉडेलची तुलना करताना फोनवरच्या मीटरने पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खळखळाट) समान पातळीवर आणा, नाहीतर जरा मोठ्याने वाजणाराच 'चांगला' ठरतो. मग तानपुरा लावा. जवारीचे वरचे सूर मोकळे, विणलेले ऐकू यायला हवेत; तिथे सळसळ किंवा पत्र्यासारखी किनार आली तर ट्वीटर तिखट आहे. डग्ग्यावर मींड घेतलेला ठेका ऐका: सूर सरकताना मधेच एक जागा फुगली तर ती खोली बोलते आहे. शेवटी टेपवरून आलेली एखादी जुनी मैफल. ज्यावर फक्त चकचकीत नवी रेकॉर्डिंगच बरी वाटतात, तो स्पीकर जुन्या संगीताच्या घरात वर्षभरात नकोसा होतो.

इंटिरियरचे काम चालू असेल तर भिंतीत वायर आताच टाकून घ्या. इलेक्ट्रिशियन १ चौरस मिलिमीटरची टाकायला जातो. १० मीटरच्या जाण्या-येण्यात तिचा रोध सुमारे ०.३५ ओहम होतो, ४ ओहमच्या स्पीकरला तो फार. शुद्ध तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर सांगा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर खरवडली की आतून पांढरी दिसते, ती परत करा. जोडताना एका बाजूचे लाल-काळे उलटे झाले तर बास गायब होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही. ऑटो कॅलिब्रेशन (एव्हीआर माइकने खोली मोजून स्वतः जुळवणी करतो ते) झाल्यावर मेनू उघडून बघा: एव्हीआर टॉवरना हमखास 'लार्ज', म्हणजे खर्जही स्वतःच पेलणारे, ठरवतो. ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा. कॅलिब्रेशन करताना पंखा आणि एसी बंद हवेत.

जुने घेत असाल तर टॉर्चने वूफरच्या कडा तपासा. फोमची कड दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्यात, काही वर्षांत भुसभुशीत होते, रबराची टिकते. कोन चारही बोटांनी समान दाबून हलकेच आत ढकला. खरखर आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी आतली तारेची गुंडाळी) घासते आहे, भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका. नवे घेताना बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो भारतातल्या अधिकृत आयातदाराकडे पडताळा. बाहेरून आलेल्या मालाला इथे वॉरंटी बहुधा मिळत नाही. मूळ खोकी आणि थर्मोकोल माळ्यावर ठेवून द्या, कारण सर्व्हिसला पाठवायची वेळ आली तर एवढा जड टॉवर दुसऱ्या कशात सुखरूप जात नाही.