गणपतीला गावी निघताना सीट बेल्टच्या या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापुढे गाड्यांची रांग लागते, तेव्हा मागच्या काचांतून जरा आत बघा. बेल्ट लावलेला माणूस शोधून सापडणार नाही. पुढचे दोघे लावतात, तेही पोलिसाच्या धाकानं.

मागची बकलं कव्हरखाली गाडणं. माझा खरा राग यावर आहे. गाडी घेतली की लोक आधी रेक्झिनची कव्हरं चढवतात आणि बकलं आत गडप होतात. गेल्या गणपतीत भाच्यानं भाड्याची सात सीटर आणली. मागे बकलंच दिसेनात. ड्रायव्हर म्हणाला, "काका, मागे कोण लावतं?" मी सामान उतरवायला लावलं आणि सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. दोन बकलं रबरबँडनं बांधलेली, तिसऱ्यात गोळीचा कागद अडकल्यामुळे खटका बसेना. "भावोजी, उशीर होतोय," वहिनी वैतागल्या. होऊ दे म्हटलं. महाडच्या पुढे पावसात रस्त्यावर गुरं बसलेली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. माणसं बेल्टमुळे जागच्या जागी राहिली. वहिनींच्या मांडीवरचा लाडवांचा डबा मात्र थेट डॅशबोर्डवर जाऊन आदळला. उशीराचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझी सवय सांगतो: निघायच्या आदल्या संध्याकाळी, गाडीत पिशवी चढायच्या आत, प्रत्येक बकल खट्‌कन लावून बघायचं. कव्हरला भोक पाडावं लागलं तर पाडायचं.

मागची सीट सुरक्षित, हा समज जाता जात नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते ती धडकली. मिस्त्रींसह मागे बसलेले दोघे गेले, त्यांनी बेल्ट लावले नव्हते. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. महिनाभर सगळे हळहळले, मग कव्हरं होती तिथेच राहिली. मागेही बेल्ट सक्तीचाच आहे, दंड १००० रुपये.

बेल्ट न लावल्यावर वाजणारी बीप बंद करायची नकली क्लिप. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला सांगितलं. तरी ज्याला हवी त्याला मिळतेच. नाहीतर बेल्ट पाठीमागून घेऊन लावणारे महाभाग आहेतच. एवढी अक्कल चालवण्यापेक्षा बेल्ट लावणं सोपं नाही का?

"एअरबॅग आहे की!" एअरबॅग बेल्टच्या जोडीनं काम करते. बेल्ट नसेल तर अंग आधीच पुढे फेकलं जातं आणि उघडणारी बॅग तोंडावर बसते.

पोर मांडीवर, त्यातही पुढच्या सीटवर. कितीही घट्ट धरा, धडकेत हातात राहत नाही. वर तुमचं वजन त्याच्यावर येतं. लहानग्यासाठी चाइल्ड सीट घ्या. मखरावर खर्च करताना कोणी हात आखडत नाही.

गरोदर बाईनं बेल्ट न लावणं. लावायचाच, खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांच्या सांध्यावर, वरचा छातीच्या मधून.

सीट आडवी करून झोपणं. धडकेत माणूस बेल्टखालून घसरतो.

पीळ पडलेला पट्टा. सरळ करा, दोन सेकंदांचं काम.

माणगावच्या कोंडीत बेल्ट काढणं. कोंडी सुटली की तो परत लावायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. हे काम मी गाडीतल्या एखाद्या पोराकडे देतो. मोठ्यांवर ओरडायची परवानगी मिळाल्यावर ते एकालाही सोडत नाही.