मोटारीसाठी सायकल रॅक निवडताना या चुका टाळा

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलीला प्रवेश नाही. त्यामुळे एका शहरातला सायकलस्वार दुसऱ्या शहराजवळच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) किंवा शर्यतीला निघतो, तेव्हा सायकल मोटारीवर बांधून नेणे हाच त्याच्यापुढचा सोयीचा मार्ग असतो. पुणे ते गोवा या सहाशे किलोमीटरहून लांब डेक्कन क्लिफहँगरसारख्या शर्यतीत तर साथीच्या गाडीवर जादा सायकल बांधलेली दिसतेच. अशा प्रवासासाठी रॅक घेताना दुकानात पहिला प्रश्न बहुधा ‘यावर किती सायकली बसतात?’ हा विचारला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ याच प्रश्नात असते. सायकली रॅकवर बसण्याआधी रॅक गाडीवर बसावा लागतो. म्हणून मोजमापाची सुरुवात गाडीच्या मागच्या दारापासून आणि टपापासून करावी, सायकलींची संख्या नंतर ठरवावी.

आपल्याकडे सर्वाधिक खपतो तो डिकीच्या दारावर पट्ट्यांनी ताणून बसवायचा रॅक. तो स्वस्त असतो, घडी घालून ठेवता येतो आणि गाडीत कायमचा बदल करावा लागत नाही. मात्र तो प्रत्येक गाडीला चालतो हा समज चुकीचा आहे. या रॅकचे आकडे दाराच्या वरच्या, खालच्या आणि बाजूच्या कडांत अडकतात. वरच्या कडेला प्लास्टिकचा स्पॉयलर, म्हणजे बाहेर आलेली झालर, असेल तर पट्ट्यांचा सगळा ताण त्या पातळ प्लास्टिकवर येतो. कडेपर्यंत काचच असेल तर आकडा अडकवायला पत्राच उरत नाही. उत्पादकाने दिलेल्या सुसंगत गाड्यांच्या यादीत आपल्या गाडीचे केवळ नाव पाहू नये, तर नेमके मॉडेल आणि वर्षही तपासावे, कारण एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांमध्ये दाराचा आकार पार बदललेला असतो. यादीत गाडी नसेल, तर ‘बसेल हो, पट्टा थोडा आवळा’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर पैसे घालवू नयेत.

या रॅकची दुसरी अडचण रुंदीची आहे. प्रौढांच्या सायकलीची चाकांच्या टोकांपर्यंतची लांबी साधारण १.६५ ते १.८ मीटर भरते आणि आपल्या छोट्या हॅचबॅक गाड्यांची रुंदी १.७ मीटरच्या आसपास असते. म्हणजे आडव्या बांधलेल्या सायकलीचे चाक गाडीच्या अंगाबाहेर डोकावते, आणि चालकाला ते आरशात दिसतेच असे नाही. टोलनाक्याच्या अरुंद मार्गिकेत किंवा डावीकडून घुसणाऱ्या दुचाकीच्या बाबतीत हे चांगलेच महागात पडू शकते. पुढचे चाक काढून आत ठेवले की हा प्रश्न बराचसा सुटतो. त्याच वेळी खालच्या टायरचे सायलेन्सरच्या तोंडापासूनचे अंतरही पाहावे. गरम धूर थेट टायरवर येत असेल तर घाट चढेपर्यंत रबराची वाट लागते.

तिसरी अडचण कायद्याची आहे आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. मागे बांधलेल्या सायकलींमुळे नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत. युरोपात अशा वेळी रॅकवर जादा पाटी आणि दिव्यांची पट्टी लावण्याची रीत आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नोंदणी पाटी पुन्हा न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते, त्यामुळे ती काढून रॅकवर लावण्याचा पर्याय उरत नाही, आणि पुठ्ठ्यावर क्रमांक लिहून टांगणे हा उपाय नव्हे. म्हणून रॅक विकत घेण्यापूर्वी, शक्य असल्यास, त्यावर स्वतःची सायकल चढवून पाहावी आणि वीस पावले मागे जाऊन पाटी, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर दिसतात का हे पाहावे. ते दिसत नसतील तर त्या गाडीसाठी टपावरचा रॅक हाच योग्य पर्याय होय.

टपावर मात्र वजनाचा हिशेब चुकतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावरील भाराची मर्यादा दिलेली असते आणि तीत आडव्या दांड्या व रॅक यांचेही वजन धरलेले असते. समजा मर्यादा ५० किलो आहे, दांड्या ५ किलोच्या आहेत आणि सायकल उभी धरणारे प्रत्येकी ४ किलोचे दोन ट्रे आहेत. मग सायकलींसाठी ३७ किलोच उरतात. १५ किलोच्या दोन सायकली यात बसतात, तिसरी बसत नाही. शिवाय एका ट्रेची स्वतःची मर्यादाही बहुधा १५ ते २० किलोंदरम्यान असते, त्यामुळे जड विजेची सायकल टपावर नेऊच नये. मागे न्यायची झाली तरी तिची बॅटरी आधी काढून गाडीत ठेवावी. आणखी एक फसवणूक डोळ्यांची होते: अनेक गाड्यांच्या टपावरील चकचकीत रेल केवळ शोभेच्या असतात. त्यांवर भार घालता येतो की नाही, हे माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय दांड्या बसवू नयेत.

उंचीची चूक एकदाच होते, पण ती सायकल, रॅक आणि टप अशा तिघांचा हिशेब एका झटक्यात करते. दीड मीटर उंचीच्या गाडीवर उभी सायकल ठेवली की एकूण उंची अडीच मीटरच्या पुढे जाते, तर बऱ्याच तळघरांतील पार्किंगच्या तोंडाशी २.१ मीटरच्या आसपासचा अडसर असतो. दिवसभराच्या दमणुकीनंतर रात्री घरी परतणाऱ्याला टपावरच्या सायकलीचा विसर पडणे अगदी स्वाभाविक आहे. एकूण उंची मोजून तो आकडा चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगवर लावणे मला बाळबोध वाटत असे. एका तळघराच्या कमानीसमोर वीतभर अंतरावर ब्रेक दाबल्यापासून ती पट्टी मी न चुकता लावतो.

टो बारवरचा, म्हणजे मागे जोडगाडी ओढण्यासाठी असलेल्या दांड्यावरचा, रॅक वापरायला सर्वांत सोपा असतो, कारण सायकल उंच उचलावी लागत नाही आणि दारावर ताण येत नाही. परंतु आपल्याकडील बहुतेक गाड्यांना टो बार मुळात नसतो, आणि तो कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून घेणे ही मोठी चूक ठरेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत; शिवाय गतिरोधकावर मागे लटकलेल्या वजनाचा हिसका किती वाढतो, याचा अंदाज त्या वेल्डिंगला नसतो.

गाडीचे गणित जमल्यावरच सायकलीकडे वळावे. कार्बनच्या सायकलीचा दांडा चिमट्यात आवळणारा रॅक घेऊ नये, कारण ती नळी बाजूच्या दाबासाठी बनवलेली नसते; चाकांना किंवा पुढच्या फोर्कला (पुढचे चाक ज्यात बसते त्या दुपाखी दांड्याला) धरणारा रॅक तिच्यासाठी योग्य. फोर्क धरणाऱ्या रॅकमध्ये एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, प्रकार जुळावा लागतो: जुन्या ९ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणाऱ्या आसाचा) रॅक १२ किंवा १५ मिलिमीटरच्या थ्रू एक्सलला (आरपार जाणाऱ्या जाड आसाला) जोडणीचा सुटा भाग घेतल्याशिवाय चालत नाही. आडवा दांडा नसलेल्या सायकलींना टांगण्यासाठी वेगळी जोडदांडी मिळते, ती रॅकसोबतच घ्यावी.

रॅक योग्य असूनही प्रवासात काही तक्रारी उद्भवतात. पट्टा वाऱ्यात घोंघावत असेल तर तो सपाट ताणलेला असतो. त्याला एक-दोन पीळ दिले की आवाज थांबतो. पट्टे सैल पडत असतील तर दोष बहुधा बांधणीचा नसतो, सुरुवातीच्या हादऱ्यांनी रॅकच्या गाद्या जागेवर बसत असतात. म्हणून दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, आणि पावसात नायलॉन भिजल्यावर परत तपासावेत. गाद्यांखाली रंगावर ओरखडे उमटत असतील तर रॅक बसवण्यापूर्वी दार धुतलेले नसते. ओरखडे धुळीचे असतात, रबराचे नव्हेत. सायकलीचे पायडल रंगाला घासत असेल तर ते काढून ठेवावे किंवा आतल्या बाजूची क्रँक (पायडलचा दांडा) फिरवून बांधावी. डिकीत पाणी शिरत असेल तर आकड्यामुळे दाराची रबरी पट्टी एखाद्या ठिकाणी दाबली गेलेली असते. आकडा थोडा सरकवून पाहावा. आणि मुक्कामी पोहोचल्यावर हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकलीत पुढचे चाक परत जात नसेल, तर चाक काढलेले असताना वाटेत कोणीतरी ब्रेकची मूठ दाबलेली असते आणि ब्रेकचे पॅड (चाकावरच्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) एकमेकांना चिकटलेले असतात. सपाट पान्याने ते हलकेच बाजूला सारावेत, आणि पुढच्या वेळी चाक काढताच पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवावा.