रोशा गवत कधी कापावं?

रोशा हे खानदेश-निमाडकडचं जुनं सुगंधी गवत. त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो तो जिरॅनिऑल या घटकामुळे. चांगल्या तेलात ते 75 ते 90 टक्के भरतं. तेल भट्टीत निघतं खरं, पण त्याचा कस शेतातच ठरतो.

1. लावणीनंतर साधारण 3-4 महिन्यांनी पहिली कापणी येते. पण नुसते दिवस मोजू नका, तुरा बघा. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट हा तेलातला दुसरा घटक जास्त असतो. फुलं उमलून दाण्याकडे वळली, की त्याचंच जिरॅनिऑल होत जातं. म्हणून फुलं उमलल्यावर 7 ते 10 दिवस थांबायचं. तोवर तुऱ्यावर तांबूस झाक येते.

फार थांबलात तर दाणा पिकून गळतो, पानं वाळतात आणि तेल घटतं. बियाण्याचा मोह असेल तर दोन ओळी वेगळ्या राखा. एकाच ठोंबातून दोन्ही साधायला गेलं की तेलावर पाणी सोडावं लागतं.

2. रोज सकाळी फेरी मारा. बांधाकडेचे ठोंब आधी तुऱ्यावर येतात आणि फसवतात, म्हणून शेताच्या मधले चार-पाच तुरे खुडून तळहातावर चोळा. वास भरून आला आणि बहुतेक शेत फुलावर दिसलं, की विळ्याला धार लावा.

3. कापणीआधी आठवडाभर पाणी तोडा. दिवस स्वच्छ उन्हाचा धरा, दव सुकू द्या. पावसाची झड लागली असेल तर मजूर आलेत म्हणून कापू नका.

4. जमिनीपासून 10-15 सेंटीमीटर सोडून कापा. तेल मुख्यतः तुऱ्यात, त्याखालोखाल पानांत. जाड दांड्यात नावालाच. दांडे नुसती भट्टीची टाकी भरतात आणि सरपण खातात.

5. कापलेलं गवत दिवसभर सावलीत पातळ पसरा. ढीग घातलात तर हात आत घालून बघा, चांगलाच गरम लागेल. मग वाफेवर अडीच-तीन तास.

हा हिशोब रोशाचाच. पुदिन्याच्या तेलात मेन्थॉन या घटकाचं थंडावा देणारं मेन्थॉल होतं ते पानं जून होताना, आणि गवती चहा तर आपल्याकडे क्वचितच फुलतो. तिथे तुऱ्याची वाट बघत बसलात तर पानं बेटातच वाळायची.