गव्हाणी रिकामी ठेवा

नाताळच्या देखाव्यात बाळ येशू लगेच ठेवू नका. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासून गव्हाणी रिकामीच राहू द्या. रोज रात्री प्रार्थनेच्या वेळी, आज कोणी आपल्यासाठी काय केलं ते मुलाने सांगायचं आणि गवताची एक काडी गव्हाणीत टाकायची. ‘सगळ्यांचे आभार’ चालणार नाही. ‘ताईने बुटाची नाडी बांधून दिली’ असं नेमकं हवं. मोठ्यांनीही काडी टाकावी, नाहीतर मुलांना तो गृहपाठच वाटतो. 24 डिसेंबरच्या रात्री त्या गवतावर बाळाला निजवा. त्याला गव्हाणीत का ठेवावं लागलं, हे बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातून तेव्हाच वाचून दाखवा. आणि भेटवस्तू? एका वेळी एकच उघडायची. देणाऱ्याचे आभार मानल्यावर दुसरी.