आरएक्स 100 उभी करताय? रंगाचा डबा जरा बाजूला ठेवा

गोठ्यात पडलेली यामाहाची जुनी आरएक्स 100 बाइक मिळतीये, घेऊन दुरुस्त करू का, असं महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच मला, आणि मी आधी एकच विचारतो, पेपर आहेत का. गाडी सडलेली असली तरी चालतं, इंजिन जाम असलं तरी चालतं, पण पेपर नसतील तर ते भंगारच आहे हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता आरएक्सच का? 84-86 च्या आसपास आपल्याकडे चार जपानी 100 सीसी आल्या, सुझुकीची एएक्स 100, हिरो होंडाची सीडी 100, यामाहाची आरएक्स 100 आणि बजाजची कावासाकी केबी 100. सीडी फोर स्ट्रोक, बाकी तिघी टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या. एएक्स आणि केबीचं सामान शोधता शोधता चपला झिजतात, आरएक्सचं मात्र अजून मिळतं, म्हणून पहिल्या गाडीला आरएक्सच घ्या असं माझं मत. 1985 च्या शेवटी आली, 1996 ला बंद झाली, 98 सीसी, 11 बीएचपी, चार गिअर, आणि वजन एवढं कमी की बंद पडली तर एकटा माणूस टेम्पोत चढवतो.

घेताना चेसिस नंबर हँडलच्या मानेवर आणि इंजिन नंबर इंजिनच्या खोक्यावर असतो, दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा किंवा जाड रंग दिसला तर चहा प्या आणि निघा. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. 15 वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर लागतो, आणि एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण लावायचीये. 'व्हिंटेज' नोंदणी म्हणून कोणी गाजर दाखवलं तर फसू नका, ती 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीलाच मिळते, आणि आरएक्सला अजून तेवढं वय झालेलं नाही.

आता माझा गाढवपणा सांगतो. पहिली गाडी घेतली तेव्हा मी सरळ रंगाला टाकली, टाकी चेरी लाल, क्रोम चकाचक, साइड कव्हरला नवे स्टिकर, सगळा पैसा तिथंच संपला, इंजिन काय "चालू तर आहे" म्हणून तसंच ठेवलं. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत होतो, थर्डला, आणि आवाज एकदम बारीक झाला, गाडी ओढेना, मला वाटलं पेट्रोल संपलं असेल, आणि तेवढ्यात मागचं चाक खर्रकन धरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इंजिन उघडल्यावर कळलं डावीकडचा ऑइल सील (रबरी रिंग) गेला होता, तिथून हवा आत, मिक्श्चर पातळ म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पिस्टन तापून ब्लॉकला म्हणजे सिलिंडरला चिकटला. दीडशे-दोनशे रुपयांचा सील, आणि वर ब्लॉक-पिस्टनचा सगळा खर्च.

म्हणून सील आधी. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, दोन बाजूंना दोन सील असतात. मॅग्नेटच्या बाजूचा म्हणजे डावा गेला की बाहेरची हवा आत खेचली जाते, गाडी स्लोला थांबत नाही, आपोआप रेस होते. क्लचच्या बाजूचा म्हणजे उजवा गेला की गिअरचं ऑइल आत जाऊन जळतं, गाडी गरम झाली तरी पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल हळूहळू कमी होत जातं. वर्षानुवर्षं पडलेली गाडी असेल तर तपासत बसू नका, दोन्ही नवीन टाका.

इंजिन उघडलंच आहे तर कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडी हलली तर चालतं, वर-खाली जराही खडखड नको, असेल तर कनेक्टिंग किट (नवा रॉड आणि त्याचं बेअरिंग) टाका, आणि क्रँक अशा लेथवाल्याकडं द्या जो प्रेस करून झाल्यावर डायल गेज लावून, मोजून सरळ करून देतो. नुसतं हातोडीनं ठोकून "झालं साहेब" म्हणणाऱ्याकडून क्रँक परत घेऊन या. झिजलेला ब्लॉक आतून कापून मोठा करतात त्याला बोअर म्हणतात, त्याला साइज असतात, 0.25, 0.50, 0.75 आणि 1 एमएम, ब्लॉकवर आधी कितवा बोअर झालाय ते मोजून घ्या, जुना ब्लॉक विकत घेत असाल आणि तो शेवटच्या साइजला असेल तर भाव त्या हिशोबानं पाडा. आधी पिस्टन विकत घ्या आणि त्या पिस्टनला मापून बोअर मारायला सांगा, उलटं करू नका.

पिस्टन बसवताना तीन गोष्टी. वरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. रिंगची तोंडं खाचेतल्या छोट्या पिनवर बरोबर बसली पाहिजेत, नाहीतर ब्लॉक खाली ढकलताना कट्ट असा आवाज येतो आणि नवी रिंग गेली. आणि पिनच्या सर्कलिप नेहमी नव्या, बसवताना खाली क्रँकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, कारण सर्कलिप हातातून उडते आणि ती नेमकी आतच जाते, बाहेर कधीच जात नाही 😅

कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोलची बारीक भोकं) साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं, हवा मारा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत आणि मग साधारण दीड फेरा बाहेर, तिथून कानानं सेट करा.

टाकी आतून गंजलेली असणारच. लिंबाचं सत्त्व (सायट्रिक ॲसिड) गरम पाण्यात, लिटरला 50 ते 100 ग्रॅम, भरून रात्रभर ठेवा, सकाळी मूठभर नट घालून हलवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, लगेच वाळवा आणि आतून टू-टी (टू स्ट्रोकचं) ऑइल फिरवा, नाहीतर दुपारपर्यंत परत तांबूस होते. हे रंगाच्या आधी बरं का. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी धरतं, त्यामुळं गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा आणि पेट्रोलचे जुने पाइप बदलून टाका.

इंजिनात आपोआप टू-टी ऑइल सोडणाऱ्या ऑइल पंपाबद्दल भांडणं होतात. बरेच मिस्त्री पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला सांगतात, लिटरला 25-30 मिली. मी पंपच ठेवतो, पण हवा नीट काढून, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि भरवसा बसेपर्यंत पहिल्या टाकीत थोडं ऑइल वरूनही घालतो. प्लग कॉफीसारखा तपकिरी आला तर जमलं, पांढरा आला तर मिक्श्चर पातळ आहे, तिथंच थांबा.

सामान पुण्यात नाना पेठेत, नाहीतर दिल्लीच्या करोल बागेतून मागवतात लोक. "ओरिजिनल जपान" लिहिलेल्या पाकिटातलं सगळं जपानचं नसतं, शक्य असेल तर काढलेला जुना पार्ट सोबत न्या आणि शेजारी ठेवून बघा. ब्रेक लायनर, केबल आणि टायर मात्र नवेच, टायरवर चार आकडे असतात, 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा, नक्षी कितीही छान दिसली तरी असा टायर नको. आता घ्या रंगाचा डबा.

बोअरनंतर पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत, एकाच स्पीडला धरून ठेवू नका, वरच्या गिअरमध्ये ओढूही नका. घाट उतरताना एक्सलेटर पूर्ण बंद करून इंजिनवर लांबवर सोडू नका, एक्सलेटर बंद म्हणजे ऑइलही कमी आणि फेरे मात्र जास्त, मध्ये मध्ये क्लच दाबून एक्सलेटरला एक झटका द्या. ताम्हिणी घाटात मी तर सवयीनंच देतो, मागे बसलेल्याला वाटतं शायनिंग मारतोय. जाळी काढून सायलेन्सर फोडू नका, पोलीस धरतात आणि गाडीचा खालचा पिकअपही जातो.

आणि घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई (पेट्रोल थांबवणारी) जरा जरी झिजलेली असली ना, तर रात्रभर पेट्रोल झिरपत इंजिनात भरतं, सकाळी किक जड लागते, प्लग ओला, आणि पार्किंगमधल्या वासावरून खालच्या काकू जे बोलतात ते वेगळंच.