हार्ड डिस्क आणायला निघण्याआधी कॅबिनेट उघडा

लग्नसराई तोंडावर आली आणि माझ्या डेस्कटॉपची ५०० जीबीची डिस्क कटकट वाजायला लागली. सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं असली कामं. मुंबईहून भाचा येणार होता, त्याला फोनवर सांगितलं, "येताना लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आण."

"कसली आत्या?"

"कसली म्हणजे? चांगली."

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. त्याने आणली ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एम.२ नावाच्या खाचेत बसणारी. चांगलीच होती, पण माझ्या मदरबोर्डावर (आतल्या मुख्य सर्किटवर) तिला बसायला जागाच नव्हती. सील फोडलेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना. चूक माझी. मी आधी कॅबिनेट उघडून बघायला हवं होतं.

तर आधी तेच करा. पिन काढा, डाव्या बाजूचं झाकण सरकवा, धूळ झटका (माझ्याकडे पालीच्या अंड्यांची टरफलंही निघाली) आणि जुन्या डिस्कच्या वायरी बघा. बोटभर रुंदीची चपटी वायर आणि तिच्या शेजारी जरा लांब पॉवरची वायर असेल, तर तुमची डिस्क साटा (हल्लीची नेहमीची जोडणी) आहे. रिबिनीसारखा रुंद, ४० भोकांचा पट्टा दिसला तर मशीन आयडीईच्या, म्हणजे साटाच्या आधीच्या जमान्यातलं. त्याच्यावर पैसे घालू नका, डेटा काढून घ्या.

मग बोर्डाचं नाव. ते स्लॉटच्या मधल्या जागेत ठळक छापलेलं असतं. मोबाइलवर फोटो काढा आणि त्या नावाचं मॅन्युअल शोधा. माझा बोर्ड एच६१ चिपसेटचा, म्हणजे साटाचे पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिट वेगाचे आणि एम.२ स्लॉट नाहीच. हल्लीची साटा डिस्क ६ गिगाबिटची असते, पण ती जुन्या पोर्टवर बिनतक्रार चालते, फक्त वेग पोर्टाचा मिळतो. तेवढ्यावरही साटा एसएसडीने माझं विंडोज मिनिटांऐवजी सेकंदांत उघडायला लागलं.

तुमच्या बोर्डावर एम.२ स्लॉट असला तरी जरा थांबा. त्या पट्ट्यांतही साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. शिवाय काही बोर्डांवर एम.२ वापरलं की साटाचा एखादा पोर्ट बंद पडतो. पट्टीवर २२८० लिहिलेलं असेल तर ती २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. तेवढ्या अंतरावर स्क्रूची जागा आहे का, तेही बघा.

मी शेवटी दोन घेतल्या. विंडोज आणि चालू कामांसाठी अडीच इंची साटा एसएसडी, आणि जुन्या पेजमेकर फाइलींसाठी साडेतीन इंची २ टीबीची फिरती हार्ड डिस्क. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती मी डबल टेपने चिकटवली. फिरती डिस्क मात्र स्क्रूनेच पक्की करायची. २ टीबीच्या वर जाणार असाल तर डिस्क जीपीटी पद्धतीने (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी रीत) तयार करावी लागते. नुसता डेटा ठेवायला अडचण नाही, पण जुन्या बायोसवर (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही.

साठवणीच्या डिस्कमध्ये एसएमआर नावाचा प्रकार असतो. कौलं कशी एकावर एक चढवतात, तसे त्यातले ट्रॅक. एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, म्हणून रोज खाडाखोड करणाऱ्याला ती रडवते. एकदा भरून ठेवायची असेल तर चालेल. आणि सर्व्हरमधून काढलेली सॅस डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका. तिचा कनेक्टर साटासारखा दिसतो, पण मधली फट बुजलेली असते, तुमची वायर लागणारच नाही.

एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटा पॉवरची जादा वायर आहे का, तेही मोजा. जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून साटा करणारी अखंड प्लास्टिकमध्ये ओतलेली स्वस्त वायर मी तरी लावणार नाही, तशा वायरी आतून शॉर्ट होऊन जळू शकतात.

डिस्क लावल्यावर 'धिस पीसी'त दिसली नाही तर घाबरू नका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशिअलाइज (वापरायला तयार) करायची आणि व्हॉल्यूम, म्हणजे ड्राइव्ह बनवायचा. २ टीबीची १.८१ दिसते, ते बरोबर आहे; कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

पण डेटा भरण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास हवेत. माझ्या 'नव्या' २ टीबीचे १४ हजारांवर निघाले, म्हणजे दीड वर्षाहून जास्त अखंड फिरलेली. स्क्रीनचा फोटो आणि बिल घेऊन गेले. दुकानदाराने एक शब्द न बोलता दुसरी दिली, आणि तीही मी तिथेच त्याच्या मशीनला लावून बघितली.